सहज माँटेव्हिडिओला

माझा नवरा सहज म्हणून कधीच काही करत नाही. यलोस्टोनला गेलो तेव्हा कुठल्या गरम झऱ्यापुढे किती वेळ उभं राहायचं हे तो घरूनच ठरवून आला होता, आणि एक गवा रस्त्यात रेंगाळला म्हणून दिवसभर त्या गव्यावर चिडलेला होता. म्हणूनच ऑक्टोबरातल्या एका रविवारी, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सहज माँटेव्हिडिओला जाऊन येऊ या का?" तेव्हा माझा कुकर सिंकमध्ये तसाच राहिला.

"कुठे?"

"माँटेव्हिडिओ. उरुग्वेमध्ये."

"ते मला माहीत आहे. काय आहे तिथे?"

"तसं काही नाही. शांत आहे. पायी फिरू, खाऊ-पिऊ. नो प्लॅन."

प्लॅन नाही म्हणाला आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

संशयी मी जन्मजातच असेन, पण त्या स्वभावाला धार आली ती नोकरीत. लग्नाआधी मी पुण्यात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. दुधाचा रंग छान आहे, वास ठीक आहे, टँकरवाला देवमाणूस आहे, यातल्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही, याचाच आम्हाला पगार मिळायचा. नमुना काचेच्या बशीत लावायचा, उबेला ठेवायचा आणि तोंड मिटून वाट बघायची. आत काही असेल तर ते उगवतंच, त्याला प्रश्न विचारावे लागत नाहीत.

लग्न करून सनीव्हेलला आले आणि पुढची सहा वर्षं मला माझ्या व्हिसाने फक्त बायको असण्याची परवानगी दिली. कागदावर मी 'डिपेंडंट' होते. मी लायब्ररीत फुकट पुस्तकं लावली, मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक वळले, शेजारणीच्या मुलीला अपूर्णांक शिकवले आणि कुणावर संशय घ्यायला मिळेना म्हणून फ्रिजमधल्या दुधावर घेतला. पार्टीत कुणी "व्हॉट डू यू डू?" असं मला विचारलं की उत्तर नवराच द्यायचा. "शी कॅन्ट वर्क, व्हिसा इश्यू." मी शेजारी उभी राहून वेफर्स खायचे.

मग २००७ च्या उन्हाळ्यात, ग्रीन कार्डची वाट बघत बसलेल्या आमच्यासारख्यांसाठी अचानक अर्जाचं दार उघडलं. अर्जाला लागतात म्हणून आख्खं सनीव्हेल लसी टोचून घ्यायला आणि फोटो काढायला पळत सुटलं. कार्ड नाही मिळालं, पण कार्ड येईपर्यंत काम करायचा परवाना मिळाला. माझ्या नावाचा, माझ्या वाकड्या फोटोसकट. लगेच अर्ज केले आणि हेवर्डच्या एका छोट्या अन्नतपासणीच्या लॅबने मला बोलावलं. मॅनेजरबाईंनी मला दोन बश्या दाखवून विचारलं, "यातली कुठली गडबड आहे?" मी म्हटलं, "दोन्ही." त्या हसल्या आणि म्हणाल्या, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारपासून या. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मनसोक्त रडले आणि घरी येताना चुकीचा एक्झिट घेतला.

यात एकच गोम होती. माझा परवाना नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जाला बांधलेला होता. तो याच कंपनीत, याच देशात काम करतोय तोवर मीही करू शकणार. तो बाहेर कुठे नोकरीला गेला की अर्ज बारगळला, परवाना गेला, लॅब गेली, आणि मी परत वेफर्सपाशी. हे मला माहीत होतं आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, कारण सगळे नियम तोच वाचायचा.

नियमांच्या बाबतीत माझा नवरा म्हणजे धर्मराज आहे. एकदा टाहोहून परत येताना कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या चौकीत अधिकाऱ्याने, बाहेरची फळं आत आणायला बंदी म्हणून, गाडीत फळं आहेत का असं विचारलं. यानं काच पूर्ण खाली करून डब्यातल्या लोणच्यात लिंबाच्या फोडी असल्याचं जाहीर केलं. लोणचं म्हणजे काय हे त्या माणसाला समजावून सांगण्यात मागे मोठी रांग लागली. युनिफॉर्ममधल्या माणसाशी तो खोटं बोलूच शकत नाही. घरातल्या माणसाचं काय, याचा मी तोवर विचार केला नव्हता.

मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "माँटेव्हिडिओ? कोण जातं यार तिथे? माचू पिचू करा ना, ब्राझील करा." मलाही तेच म्हणायचं होतं. पण नवऱ्याने न कुरकुरता व्हिसे काढून आणले. अमेरिकेत परत शिरायला लागणारे आमचे कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घातले, दोघांचे पासपोर्ट स्वतःच्या कमरेच्या पाऊचमध्ये टाकले आणि बॅग भरली, ती राइस कुकर न घेता. आमचा छोटा राइस कुकर हवाईला आला होता, ग्रँड कॅन्यनला आला होता, न्यूयॉर्कमध्ये एका हॉटेलचा फायर अलार्मही वाजवून आला होता.

"कुकर?" मी विचारलं.

"नको. मिळेल तिकडे सगळं."

"तुला काय माहीत?"

"असेलच ना. म्हणजे, शहर आहे शेवटी."

मी पुढे काही विचारलं नाही. नमुना उबेला ठेवला.

मायामीवरून विमान बदलून आम्ही पोहोचलो. दुसरा दिवस गुरुवार होता. अमेरिकेत सगळे टर्की कापत असतील, इथे मात्र साधा कामाचा वार होता. सनीव्हेलला पानगळ चाललेली सोडून आलो होतो आणि इथे वसंत संपत आला होता. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना जुन्या झाडांच्या कमानी होत्या आणि मध्येच कुठे जॅकरांडा जांभळा होऊन उभा होता. माणसं काखेत थर्मास आणि हातात भोपळ्याचं पात्र घेऊन, नळीने कसलासा कडू हिरवा काढा ओढत चालली होती. बँकेत तसंच, बसथांब्यावर तसंच. कुणालाच घाई नव्हती.

"चल, पाय नेतील तिकडे जाऊ," नवरा म्हणाला.

पण त्याच्या पायांना कुठे जायचं ते चांगलं ठाऊक होतं. जुन्या गावातल्या गल्ल्यांतून तो नकाशा न काढता डावीकडे वळत होता, उजवीकडे वळत होता. सनीव्हेलला डेंटिस्टकडे जातानाही जो माणूस आदल्या दिवशी रस्त्याचं प्रिंट काढतो, तो इथे हात मागे बांधून सरदारासारखा चालला होता. एका चौकात जुन्या पुस्तकांची दुकानं मांडली होती. तिथे मी थांबले तर तो बाजूला उभा राहून बस किती माणसं उतरवतेय ते बघत होता. "इथे कार लागतच नाही बघ," तो म्हणाला. ज्याने नव्या गाडीवर साधा चरा पडला म्हणून आठवडाभर जेवणात मीठ लागत नाही अशी तक्रार केली होती, तो हे म्हणत होता.

भूक लागली तेव्हा त्याने मला एका अगदी साध्या दुकानात नेलं. मोठ्या भट्टीपाशी उभं राहून खायचं दुकान. त्याने ऑर्डर दिली आणि माझ्यापुढे पिवळ्या जाड पोळीचा तुकडा आला, वर मिरपूड.

"फाइना म्हणतात याला. बेसनाचं असतं. खाऊन बघ, अगदी आपलं धिरडं."

खाऊन बघितलं. खरंच धिरडं होतं, जरा भाजकं, चविष्ट. मी शाकाहारी, हा देश गाईच्या मांसावर जगणारा, आणि नेमकं माझ्यासाठी बेसन याने शोधून काढलं होतं. दुसरी एखादी बायको विरघळली असती.

"तुला कसं कळलं हे?"

"वाचलं होतं. नेटवर."

माझा नवरा नेटवर फक्त राउटरबद्दल वाचतो. त्या वेळी, खरं सांगते, माझ्या मनात एक बाईसुद्धा येऊन गेली. उंच, काळ्याभोर केसांची, स्पॅनिश बोलणारी. मग नवऱ्याच्या ओठाला लागलेलं बेसन पाहिलं आणि त्या बाईला जाऊ दिलं.

पाणी घ्यायचं म्हणून त्याने मला सुपरमार्केटमध्ये नेलं. पाणी दारातच होतं. तरी तो आतल्या रांगेत शिरला आणि एका फळीपुढे उभा राहिला.

"बघ, मसूर. छोले. आणि तांदूळ हा असा. वाईट नाही."

"सुट्टीवर आलोय आपण. मसुराचं काय करायचंय?"

"काही नाही, सहज दाखवतोय."

बाहेर आल्यावर तो हवेबद्दल बोलला. हवा म्हणे पुण्यासारखी आहे. जूनमध्ये थोडी थंडी पडते, पण बर्फ नाही. जूनमध्ये आपण कुठे इथे येणार आहोत, असं मी म्हटलं, तर त्याने घाईघाईने एका इमारतीच्या बाल्कनीकडे बोट दाखवलं. पुढे घरं भाड्याने देणाऱ्या एका ऑफिसच्या काचेत फोटो चिकटवले होते. तिथून जाताना त्याची चाल मंदावली. मला दिसलं. मी जॅकरांडाकडे बघत असल्याचं दाखवलं, पण दिसलं. पाणी कुठे मुरतंय ते आता मला हळूहळू कळायला लागलं होतं.

शहराचा यात काही दोष नव्हता. शहर फार सुंदर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. कुरूप असतं तर मला काही बोलावंच लागलं नसतं.

दुपारी आम्ही पाण्याकाठच्या रस्त्यावर आलो. ती म्हणे नदी आहे, पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि लाटा येतात. पाणी चहासारखं मातकट. माणसं कठड्यावर बसून तोच काढा ओढत होती. आम्हीही बसलो. सोमवारी घालायच्या कपड्यांचा मी विचार करत होते. बूट बंद हवेत असं मॅनेजरबाईंनी सांगितलं होतं, आणि माझ्याकडे सगळ्या चपलाच होत्या.

तेवढ्यात समोरून एक भारतीय माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कोथिंबिरीची जुडी. आम्हाला बघून तो जागीच थबकला.

"अरे! तुम्ही इकडे कुठे?"

"अरे! तू इथे? काय योगायोग आहे!" माझा नवरा म्हणाला.

दोन सॉफ्टवेअर इंजिनियरांचा अभिनय ज्यांनी पाहिला नाही त्यांना त्यातली गंमत कळायची नाही. दोघांनीही वाक्यं पाठ केली होती आणि दोघंही एकमेकांच्या बोलण्यात घुसत होते. तो नवऱ्याच्या कंपनीच्या इथल्या ऑफिसात होता, मूळचा नागपूरचा. कामाच्या दिवशी, भर दुपारी, ऑफिस सोडून कोथिंबीर घेऊन समुद्रासारख्या नदीवर फिरत होता. "चला नं घरी. इथंच आहे आमचं. सहज चहा घेऊन जा."

सहज चहा. हे शब्द ऐकले आणि मला एकदम पुण्यातली मावशी आठवली.

लग्नाच्या वयात मी घरात जाहीर केलं होतं की मी कुणापुढे साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन जाणार नाही. मग एका शनिवारी आई म्हणाली, "चल, मावशीकडे सहज चहाला जाऊन येऊ." मी लॅबमधून तशीच, फिनाइलचा वास येत असलेल्या ड्रेसमध्ये गेले. मावशीकडे योगायोगाने एक कुटुंब आलेलं होतं. योगायोगाने त्यांच्याबरोबर एक मुलगा होता. योगायोगाने मावशीने भरपूर पोहे केले होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि हवापाण्याबद्दल बोलत होते. थोड्या वेळाने मी गॅलरीत जाऊन उभी राहिले तर तो मुलगा पाठोपाठ आला. घाबरलेला होता. म्हणाला, "तुम्हाला सांगितलेलं नाहीये ना? हा बघण्याचा कार्यक्रम आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असायला हवं. तुम्हाला नको असेल तर मी माझ्याकडूनच नकार कळवतो. तुमच्यावर येणार नाही."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला होकार दिला. त्याची नोकरी, पगार, अमेरिका, हे सगळं नंतर. सगळं घर मला फसवत असताना ज्याने मला खरं सांगितलं, त्याच्याबरोबर आयुष्य काढता येईल असं मला वाटलं.

आता तोच मुलगा माझ्या पुढे पुढे, कोथिंबिरीच्या मागे चालला होता.

फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. दार त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, उघडलं. गोल चेहऱ्याच्या, उत्साही, नवी साडी नेसलेल्या. सहज चहाला आलेल्यांसाठी कुणी नवी साडी नेसत नाही. "या नं, या. किती वाट पाहून राहिली मी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या नवऱ्याने खोकून घेतलं. त्यांनी मला सगळं घर दाखवलं. कपाटं उघडून दाखवली, गरम पाण्याचा नळ सोडून दाखवला, कपडे वाळत घालायची जागा दाखवली. "खालचा फ्लॅटही अस्साच आहे," त्या म्हणाल्या. खालच्या फ्लॅटबद्दल मी विचारलेलं नव्हतं.

मग त्यांनी बश्या आणल्या. पोहे होते. नागपुरी पोहे, वर लाल तर्री ओतलेली, त्यावर त्याच जुडीतली कोथिंबीर.

मी बशीकडे बघत राहिले. बशी हातात देता देता वहिनी माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊजी, या वेळी तर्री कमी तिखट केली बरं. मागच्या वेळी तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं."

वहिनींच्या नवऱ्याने चमच्याने पोह्यांत एक शेंगदाणा शोधायला घेतला. माझा नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. मागच्या वेळी, म्हणजे ऑगस्टमध्ये, जेव्हा तो ट्रेनिंगसाठी मायामीला जातो म्हणून आठवडाभर गेला होता तेव्हा. मी त्याच्या त्या बॅगेत लाडू दिले होते. मी एक घास खाल्ला. पोहे उत्तम झाले होते.

मी उठून बाल्कनीत गेले. खाली तो रस्ता, तो वाळूचा काठ, ते पाणी. मागे दार सरकल्याचा आवाज आला. एक क्षणभर मला वाटलं, तोच आला. आता सांगेल. उशिरा का होईना, सांगेल. मी वळले तर वहिनी होत्या.

"तुम्हाला सांगितलं नाही काय?" त्यांनी हळूच विचारलं.

मला एकदम हुंदका आला. त्या बिचाऱ्या घाबरून गेल्या. मी त्यांना सोमवारचं सांगितलं. लॅबचं, परवान्याचं, बुटांचं. सनीव्हेलमधल्या मैत्रिणींनाही इतकं सांगितलं नव्हतं. त्या कठड्याला टेकून ऐकत राहिल्या.

"मी नागपूरला शाळेत शिकवत होती," त्या म्हणाल्या. "विज्ञान. इथं आल्यापासून दिवसभर हे पाणी पाहून राहिली. भाषा येत नाही, मराठी बोलायला कोणी नाही. तुम्ही येणार म्हणून कळलं तर मला इतका आनंद झाला होता नं, मी खालच्या फ्लॅटच्या मालकिणीला जाऊन भेटून आली." मग म्हणाल्या, "तुम्ही याच, असं म्हणणार होती मी. आता नाही म्हणत. तुम्ही जा, बाई. तुमच्या सोमवारी जा."

मला त्यांचा राग धरायचा होता, पण ते जमलं नाही. निघताना त्यांनी एका डब्यात पोहे भरून दिले.

परतीच्या वाटेवर आम्ही पाण्याकाठीच चालत होतो. मी ठरवलं होतं की मी विचारणार नाही. त्याला तेवढी संधी द्यायची. बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, "मग, कसं वाटलं?"

"काय?"

"शहर."

"शहर छान आहे."

त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि तेव्हा मला त्याची कीवही आली. "हो ना? मला माहीत होतं तुला आवडेल. हे बघ, इथे माझी स्वतःची टीम असेल. तिकडे मी जन्मभर दुसऱ्यांचे बग्ज काढत बसणार. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. परत गेल्यावर कंपनी ग्रीन कार्डचं सगळं पुन्हा फाइल करेल."

"तू हो म्हणालायस?"

तो पाण्याकडे बघायला लागला.

"विचारतेय मी."

"व्हर्बली," तो म्हणाला.

"म्हणजे तोंडाने. मग त्याच तोंडाने मला का नाही सांगितलंस?"

"तुला आवडलं असतं तर आज सांगणारच होतो."

"आणि नसतं आवडलं तर?"

मग जे बोलायला नको होतं ते तो बोलला. "तुझी नोकरी काय, परत आल्यावर मिळेल की अशी एखादी."

मी जागीच उभी राहिले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि आवाज मात्र अगदी साधा निघाला. "सहा वर्षं मी अशी एखादी शोधायलाही बाहेर पडू शकत नव्हते. मला सोमवारी जायचंय. आणि आणखी एक. मावशीच्या गॅलरीत मला तू सांगितलं होतंस. आज गॅलरीत मला कुणी सांगितलं, माहितीये? तुझ्या मित्राच्या बायकोने. पोहे खाऊ घालून माझ्याकडून पसंती मिळवायला तूच निघाला होतास."

तो कठड्यावर बसला. शेजारी एक म्हातारं जोडपं एकाच नळीने काढा पीत होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. मी पोह्यांचा डबा घेऊन हॉटेलवर चालत गेले. तो मागून आला.

शुक्रवारी तो सकाळी खाली पाणी आणायला म्हणून गेला आणि खूप वेळ आला नाही. आला तेव्हा हातात पाणी नव्हतं. कुणाशी बोलला असेल? बॉसशी? काय म्हणाला असेल? की त्या नागपूरकराशी बोलून माझी समजूत कशी काढायची याचा बेत केला? मी विचारलं नाही. विचारून मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवायची माझी तयारीच राहिली नव्हती. शनिवारच्या विमानात त्याने खिडकीची जागा मला दिली. ती त्याची आवडती जागा. त्यावरही मी संशय घेतला.

मायामीला उतरलो. आमचे ते खास कागद असल्यामुळे आम्हाला नेहमीच्या रांगेतून काढून वेगळ्या खोलीत बसवलं. बरीच माणसं होती, बाळं रडत होती. शेवटी काचेमागच्या ऑफिसरने हाक मारली. दमलेला, जाडजूड माणूस, शेजारी गार झालेली कॉफी. त्याने आमचे कागद उलटेपालटे केले आणि नवऱ्याला रोजचे, कंटाळवाणे प्रश्न विचारायला लागला. कंपनी कोणती? तीच, जिने तुमचा अर्ज केलाय? कामही तेच?

"येस, सर."

"आणि पुढेही तेच करणार? इथेच, अमेरिकेत?"

त्या माणसाला त्या प्रश्नाचं काहीच नव्हतं. त्याचे डोळे कॉम्प्युटरवर होते. पण मी काचेच्या आणखी जवळ सरकले. मला लोणच्यातलं लिंबू आठवलं. मला जगातला एक माणूस माहीत होता जो बायकोला फसवू शकतो, पण युनिफॉर्मला नाही. आता जे तोंडातून येईल ते खरं असणार होतं.

नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"येस, सर," तो म्हणाला. "हिअर. सेम जॉब."

ऑफिसरने शिक्का उचलला आणि माझ्याकडे वळला. "अँड यू, मॅम? डू यू वर्क?"

सवयीने नवऱ्याचं तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं.

"मंडे," मी म्हटलं. "आय स्टार्ट मंडे."

"गुड फॉर यू," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

आम्ही बाहेर आलो. मला फार आनंद झाला होता आणि त्याच वेळी फार वाईटही वाटत होतं. मला हवं होतं ते मिळालं होतं, पण ते मला एका परक्या माणसाने विचारलं म्हणून कळलं होतं. नवरा बॅग ओढत शेजारी आला.

"मी शुक्रवारीच बॉसला फोन केला होता," तो म्हणाला. "नाही म्हणून सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सोमवारी सांगणार होतो. तुझ्या जॉइनिंगला. सरप्राइज म्हणून."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला खरंच वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल.

"यापुढे मला काही सांगायचं असलं," मी म्हटलं, "की एखादा ऑफिसर बरोबर घेऊन ये." आणि आमची पुढची फ्लाइट कुठल्या गेटवर आहे ते मीच बोर्डावर शोधायला लागले.